अडलेला काटा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. डायरी मी लिहीत नाही — स्वतःशी खोटं बोलायला कागद कशाला वाया घालवायचा? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

वजन उतरावं म्हणून मी जठर लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं, खारघरच्या एका हॉस्पिटलात. शेजारच्या खाटेवर नसरीन होती. तिचंही तेच ऑपरेशन. ती शिरवण्याची, शाळेत शिकवणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी कोपरखैरण्याची, कॉलेजात ग्रंथपाल. पहिल्याच दिवशी तिने मला ताई केलं. चमच्याने पाणी प्यायची शर्यत लावायची आणि मुद्दाम हरायची.

दर महिन्याला हॉस्पिटलात आम्हा ऑपरेशनवाल्यांचा मेळावा भरतो. सगळ्यांदेखत काट्यावर उभं राहायचं. ज्याचं वजन सगळ्यात जास्त उतरलं, त्याला शाल-श्रीफळ. अर्धी वाटी वरण ज्यांना जात नाही, त्यांना अख्खा नारळ! मोठे डॉक्टर स्वतःच्याच भाषणाला मान डोलवायचे. मी मागच्या रांगेत बसून हसायचे.

मग नसरीनला तीनदा शाल मिळाली — आणि माझं हसू आटलं. ज्याची आपण थट्टा करतो, त्याचाच हेवा वाटावा?

माझा काटा सत्त्याण्णववर अडला होता. चार महिने. आहारतज्ज्ञ बाईंनी मला नीट समजावलं होतं: वजन मध्येच थांबतं, सगळ्यांचं थांबतं. शरीर दम खातं. अशा वेळी खाणं तोडायचं नाही — डाळ, अंडी, प्रोटीन पावडर, गोळ्या, सगळं तसंच चालू ठेवायचं. मला हे पाठ होतं. हे लक्षात असू द्या.

कारण आठव्या महिन्यात नसरीनचा काटा चौऱ्याऐंशीवर थांबला. तिचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताई, तुमचं अडलं तेव्हा बाई काय बोलल्या हो? मला तर वाटतं, ऑपरेशन फुकट गेलं."

मला काय वाटलं? सांगू? — बरं वाटलं. आणि मी म्हणाले, प्रोटीन पावडर बंद कर. अंडी बंद. पातळ पेजेवर राहा, पोट पुन्हा ताणलं असेल. पुस्तकाचा नंबर सांगावा, इतक्या शांतपणे.

तिने ऐकलं. ताईने सांगितलं ना!

दीड महिन्यात तिच्या केसांचे पुंजके हातात यायला लागले. रोज फोनवर सांगायची, चक्कर येते म्हणून. मी म्हणायचे, होतं असं सुरुवातीला. शेवटी शाळेच्या जिन्यात ती कोसळली. उजवं मनगट मोडलं.

मी धावत हॉस्पिटलात गेले — इतकी चांगली मी आहेच. ती निजलेली, हात प्लास्टरमध्ये. उशाशी कागद होता, त्यावर वजन लिहिलेलं : सत्त्याहत्तर. आधी काय पाहिलं मी? हात नाही. आणि पहिला विचार काय आला? — हिचं तरीही सात किलो उतरलं.

आहारतज्ज्ञ बाई तिला रागावून गेल्या होत्या; हे कुणी सांगितलं, म्हणून विचारत होत्या. नसरीनने माझं नाव घेतलं नव्हतं. मला म्हणाली, "माझंच डोकं फिरलं असेल, ताई. तुमी सांगितलं एक, मी केलं भलतंच. तुमी असं कशाला सांगाल?"

त्या क्षणी बोलता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "हो, तसंच झालं असेल." फोनवरचं खोटं हेव्याचं होतं. हे कशाचं होतं?

पुढच्या मेळाव्यात तिने डॉक्टरांकडे हट्ट धरला — या वेळची शाल ताईंना, मी पडले तेव्हा सगळ्यांच्या आधी त्याच आल्या. टाळ्या झाल्या. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलवली. शाल नसरीननेच घालायची ठरली.

एका हाताने तिला जमेना. म्हणून मी वाकले.