कोठीतली रेघ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तो तुम्ही लावलेला शोध समजाल. तराजूचा काटा स्थिर झाल्याशिवाय मी भाजीवाल्यापुढं पिशवी धरत नाही. एसटीत शेजारची बाई फार गोड बोलायला लागली की मी पर्स मांडीवरून उचलून पोटाशी घेते. नवरा म्हणतो, तू शिक्षिका कशाला झालीस, फौजदार व्हायचीस. यात माझी चूक थोडी आणि सासरची जास्त, अशी मी स्वतःची समजूत घालत असते.

सासर आष्ट्याचं. काळी जमीन, ऊस, दारात ट्रॅक्टर आणि मिलिटरीतून पेन्शन घेऊन आलेला धाकटा दीर. तरी कागदावर आम्ही कायम बेताचेच. दाखला कशासाठी हवा हे सांगितलं की उत्पन्न त्या मापाचं निघायचं. चौकशीला माणूस येणार अशी कुणकुण लागली की सासूबाई सोफ्यावर गोधड्यांचा ढीग रचायच्या, फ्रिजवर जुनं लुगडं टाकायच्या आणि परसातली भाकड म्हैस पुढच्या दारात आणून बांधायच्या. आमच्याकडं गरिबी वाळवणासारखी होती. वर्षातून एकदा अंगणात मांडायची, काम झालं की गोळा करून डब्यात भरायची. मी त्या माणसाला चहा करून द्यायचे आणि गप्प बसायचे.

मग माझी बदली जत तालुक्यातल्या एका गावात झाली. जिल्हा एकच, पण आष्ट्याहून येणाऱ्याला तो परमुलूखच वाटतो. पाणी टँकरनं यायचं, रानात ज्वारी असली तर असायची, आणि बायका मराठीत सुरू केलेलं बोलणं कन्नडमध्ये संपवायच्या. सामान पोचवायला धाकटा दीर जीप घेऊन आला होता. मी खोली लावत होते तोवर तो टपरीवर मेंढपाळांच्या घोळक्यात बसून होता. चांगले दोन तास. मुळात गप्पिष्ट माणूस, म्हणून मी काही विचारलं नाही. जन्मभर नको तिथं संशय घेतला आणि जिथं घ्यायला हवा होता तिथं मी पाण्याचा माठ कुठं ठेवावा याचा विचार करत होते.

शाळेत खिचडी शिजवायला एक म्हातारी होती. सगळे तिला मावशी म्हणायचे, मीही म्हणायला लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्याला बांधकामावर, घरी ती आणि सून. खिचडीचं मानधन कधी येईल याचा नेम नव्हता. चूल चालायची ती पिवळ्या रेशनकार्डावर मिळणाऱ्या धान्यावर.

एवढं कळल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार काय यावा? शाळेतले तांदूळ. तांदळाची पत्र्याची कोठी स्वयंपाकाच्या खोलीत होती आणि तिची एक किल्ली मावशीच्या कनवटीला, दुसरी शाळेच्या कपाटात. दुसऱ्या आठवड्यापासून मी शाळा सुटल्यावर कोठीतले तांदूळ हातानं सपाट करायचे आणि आतल्या बाजूला खडूची बारीक रेघ मारायचे. सकाळी ती येण्याआधी जाऊन बघायचे. तांदूळ रोज रेघेला लागलेले असायचे. मला याचा आनंद व्हायला हवा होता. मी मनात म्हणायचे, बाई हुशार दिसतेय.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्हा शिक्षकांवर घरोघरच्या सर्वेक्षणाचं काम आलं. गरीब कोण हे नव्यानं ठरवायचं होतं, आणि त्यावरून रेशनच्या यादीत कोण राहणार ते ठरणार होतं. भिंती कशाच्या, गॅस आहे का, गाडी आहे का, जनावरं किती. प्रशिक्षणाला आलेल्या साहेबांनी बजावलं, लोक सांगतील ते लिहू नका, डोळ्यांनी बघा आणि मग लिहा. मला तर कुणी माहेरी पाठवल्यासारखं झालं. पहिल्याच दिवशी एका घरात मालक म्हणाला, गाडी न्हाई. अंगणात टायरची ताजी खूण होती. मी खुणेमागं चालत गेले आणि कडब्याच्या गंजीत मोटारसायकल सापडली. मालक हसला, मीही हसले. प्रत्येक उंबऱ्यावर मला माझ्या सासूबाईच उभ्या दिसत होत्या, आणि त्यांना पकडण्यात मला मनापासून मजा येत होती.

तशीच मी मावशीच्या घरी गेले. घर पक्कं होतं, सरकारी योजनेतलं घरकुल. गॅस होता, तोही योजनेतलाच. सिलिंडर रिकामा होता आणि त्यावर पाण्याची घागर ठेवलेली होती, पण रिकाम्या सिलिंडरसाठी फॉर्मवर रकाना नव्हता. एका योजनेनं दिलेली भिंत दुसऱ्या योजनेत तिच्याविरुद्ध साक्षीला उभी राहत होती, हे मला तेव्हाही कळलं. पण नियम तो नियम, असं म्हणून मी दोन्ही ठिकाणी होय लिहिलं.

घराशेजारी वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची सुतळीची जाळी. आत मेंढरं खच्चून भरलेली.

"मावशी, मेंढरं किती?"

"मोजत न्हाईत बाई. मोजली की दिष्ट लागती."

"अंदाजे सांगा. दहा?"

"असत्याल."

"वीस?"

"असत्याल की."

"चाळीस?"

"असत्याल."

मला वाटलं, ही मला खेळवतेय. तेवढ्यात सुनेनं तिला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, तिनं कन्नडमध्येच उत्तर दिलं, आणि माझी खात्री पटली की दोघी संगनमत करताहेत. नंतर कळलं की सून चहाचं विचारत होती आणि सासू सांगत होती, घरात दूध नाही, कोरा दिला तर बाईंना राग येईल. मी उठले, वाघरीपाशी गेले आणि पेनाच्या टोकानं एकेक मेंढरू मोजायला लागले. मावशी घाईनं आली आणि तिनं माझ्या पेनापुढं हात धरला. "बोटानं नका, बाई. मनात मोजा." तिच्या आवाजात विनवणी होती. मी तिच्या हाताला वळसा घालून मोजणी पुरी केली. अडतीस.

"ही सगळी तुमचीच?"

तिनं आधी मेंढरांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आमचीच की."

मी अडतीस लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि आज एक खरी चोरी उघडकीला आणली अशा समाधानात खोलीवर आले.

चैत्रात यादी लागली आणि मावशीचं नाव त्यात नव्हतं. पुढच्या महिन्यापासून धान्य बंद. ती रोजच्या वेळेला येऊन चूल पेटवत राहिली. मी मात्र कोठीवरची नजर वाढवली. आता घरी धान्य नाही म्हटल्यावर तांदूळ कमी होणारच, असा माझा हिशेब होता. सुट्टी संपली, शाळा पुन्हा सुरू झाली, तरी तांदूळ रेघेलाच.

एक गोष्ट तेवढी बदलली. मुलं जेवून गेली की मावशी पातेल्याच्या बुडाला लागलेली खरपुडी उलथन्यानं खरवडायची आणि पदरात बांधून न्यायची.

"कशाला नेता?" मी विचारलं.

"कुत्र्याला."

आखाडातली दुपार होती. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले, कुत्रं बघायला. हे लिहिताना लाज वाटते, पण मी खरंच कुत्रं आहे की नाही याची खातरजमा करायला गेले होते.

कुत्रं नव्हतं. वाघर गुंडाळून भिंतीला लावून ठेवलेली होती आणि आत एकही मेंढरू नव्हतं, फक्त वाळलेल्या लेंड्या. दारात सून ती खरपुडी मिरचीच्या ठेच्याबरोबर खात बसली होती. मला बघून तिनं ताटली मागं सारली.

"मेंढरं विकली?" मी विचारलं. माझा आवाज तेव्हासुद्धा चौकशीचाच होता.

"आमची असली तर इकू," सून म्हणाली. "मालक टेम्पो घिऊन आलता. आखाडात भाव हाय म्हणून समदी घिऊन गेला. कुत्रं बी टेम्पोमागं पळत गेलं, ते आलंच न्हाई. राखणीबद्दल आमाला निम्मी कोकरं व्हती, ती माझ्या आजारपणात इकावी लागली."

"कोण मालक?"

आतून मावशीचा आवाज आला, कन्नडमध्ये, मोठ्यानं. त्या भाषेतलं मला काही कळत नाही, पण सुनेला गप्प कर म्हणतेय एवढं कळलं. सून गप्प बसली नाही.

"आष्ट्याचा. मिलिटरीवाला. तुमचा दीरच की, बाई."

मी उंबऱ्यावर बसले. मावशी बाहेर आली आणि तिनं मला पाणी दिलं. मग तिच्याकडून कळलं, दिरानं तिला बजावलं होतं, माझं नाव कुठं घ्यायचं नाही, सरकारी माणसापुढं तर नाहीच, वहिनीपुढंही नाही. दाखला, फीमाफी, कार्ड, काय काय अडकेल म्हणून. आणि तिनं शब्द दिला होता.

"पण मी विचारलं तेव्हा 'आमची नाहीत' एवढं तरी म्हणायचं ना, मावशी. नाव नसतं घेतलं तरी चाललं असतं."

"जितराप ऐकत असतंय, बाई," ती म्हणाली. "जे आपल्या वाघरीत बसलं त्येला आपलं न्हाई म्हणू नये. मग ते जगत न्हाई."

मला राग आला. तिचा, दिराचा, त्या फॉर्मचा आणि सगळ्यात जास्त माझा. तीच मेंढरं आमच्या अंगणात असती तर सासूबाईंनी ती शेजाऱ्याची म्हणून सांगितली असती, आणि मी चहा करत गप्प बसले असते.

मी दिराला फोन लावला. यादीवर हरकत घ्यायची तर मालकानं लिहून द्यायला हवं होतं की मेंढरं माझी.

"वहिनी, आता मेंढरं हायती कुठं? इकली की."

"तेव्हा होती असं लिहून द्या."

"तसं लिवलं तर आपलं कार्ड जातंय, पोरीची फीमाफी जातीया. घरच्या माणसानं असं करत्यात व्हय?"

मग मीच लिहिलं. सर्वेक्षण मी केलं, मालकी न तपासता नोंद केली, मेंढरं माझ्या दिराची होती, अर्धलीनं, निम्म्या कोकरांच्या बोलीवर, सांभाळायला दिलेली. खाली सही केली. त्यानंतर महिनाभर सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत आणि नवरा बोलला तो फक्त जेवायचं विचारायला.

कचेरीत तो अर्ज एका क्लार्कनं दोनदा वाचला. मग चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडं बघितलं.

"बाई, खरं सांगा. म्हातारीनं काय दिलं? कोंबडा?"

माझं डोकं सणकलं. तोंडाशी आलेलं गिळलं, कारण त्याची नजर मला ओळखीची होती. त्याच्या खुर्चीत मी असते तर हेच विचारलं असतं, फक्त कोंबड्याच्या जागी बोकड म्हटलं असतं. त्यानं अर्ज ठेवून घेतला. चौकशी होईल म्हणाला. पुन्हा दोनदा जाऊन आले, चौकशी होईल असंच कळलं. मावशीचं नाव अजून यादीत आलेलं नाही. मी माझ्या पगारातून ज्वारीचं पोतं नेऊन टाकलं, तर तिनं ते सुनेकरवी माझ्या खोलीवर परत पाठवलं.

अर्ज दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं होतं. ती चुलीत फुंकर घालत होती. वर न बघता तिनं विचारलं, "दिराचं नाव घातलं?"

"घातलं."

"शबूद मी दिलता. मोडला तुमी."

काहीतरी करायचं म्हणून मी कोठीचं झाकण उघडलं आणि पदरानं खडूच्या रेघा पुसायला लागले. जुन्या, एकाखाली एक, कितीतरी होत्या. मला वाटत होतं, तिला त्यांचा पत्ता नाही.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"मावशी, मी तुमच्यावर संशय घेत होते."

"ठाव हाय. पैल्या दिसापासनं ठाव हाय." ती उठून माझ्याजवळ आली. "उद्या कोण म्हणलं, घरात दाणा न्हाई, म्हातारी शाळंचं तांदूळ न्हेती, तर माज्यापशी दावायला काय हाय? ही रेघ हाय न्हवं."

त्या दुपारी मुलं जेवून गेल्यावर तिनंच कोठीतले तांदूळ हातानं सपाट केले, माझ्या हातातला खडू घेतला आणि रेघ मारली.