लाखातली एक मूठ

आमच्या स्टोव्हचा काकडा बोडका झाला होता. बायको खाली नळावर, मला सकाळच्या चहाची तलफ, आणि खाटेखाली पत्र्याचा डबा भरून पांढराशुभ्र कापूस. मी मूठभर उचलला, काकड्याच्या तारेला गुंडाळला, घासलेटात बुडवला आणि स्टोव्ह पेटवला. चहा फर्मास झाला. बशीत ओतत होतो तेवढ्यात ती कमरेवर कळशी घेऊन आली. तिने काकड्याकडे पाहिलं, उघड्या डब्याकडे पाहिलं, आणि कळशी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

तो कापूस नव्हता, वाती होत्या. एकेक करून बोटांनी वळलेल्या.

"मूठभरच तर घेतल्या," मी म्हणालो. "लाखात काय कळणार आहेत?"

तिने कळशी ठेवली आणि डब्याला झाकण घातलं. मी चहा संपवला. माझ्यासारख्या माणसाचा चहा अशा वेळीही अर्धा राहत नाही.

तिचा धाकटा भाऊ लालबागला एका खोलीत राहायचा. आई लवकर गेलेली, त्यामुळे हिनेच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलेला. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला तो परस्पर तुरुंगात पोचला. केव्हा सोडणार, कोणी सांगेना. आज म्हणता पंधरवडा गेला, मग महिने जायला लागले. तेव्हा हिने लाख वातींचा नेम धरला. लाख वाती वळून होतील त्या दिवशी तो दारात उभा असेल आणि त्याच्यादेखत त्या देवापुढे लावायच्या, असं तिचं आणि देवाचं आपसात ठरलं होतं. मला त्यात कोणी विचारलं नव्हतं, ते बरंच झालं.

लाख हा शब्द त्या दिवसांत आमच्या फणसवाडीत पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा उधळला जात असे. शिवाजी पार्कवरच्या सभेहून आम्ही पुरुषमंडळी परतलो की चाळीच्या गॅलरीत गर्दीचा लिलाव लागायचा. कोणी तीन लाखांवर बोली सुरू करी, कोणी पाचावर नेई, आणि घोषणा देऊन घसा बसलेला मी ती दहावर नेऊन ठेवी. मी प्रत्यक्ष पाहिलेलं म्हणजे समोरच्या गृहस्थाची जाडजूड मान आणि तिच्या दोन्ही अंगांना दिसणारी दहाबारा डोकी. पण आकडा फुगवायला पदरचं काही जात नाही. दहा लाख म्हणताना माझी छाती जेवढी पुढे यायची तेवढीच तीन लाखांतही आली असती. खरं तर तीन हजारांतसुद्धा.

या लिलावाचे कायमचे अध्यक्ष म्हणजे शेजारच्या खोलीतले मास्तर. जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले. एकं दहं शतं पासून निघाले की एका दमात परार्धाला जाऊन टेकायचे, आणि टेकल्यावर आमच्याकडे असे बघायचे की वाटेत लागलेली सगळी गावं स्वतः पायी तुडवून आलेत. ब्रह्मदेवाचा एक दिवस चारशे बत्तीस कोटी वर्षांचा, हे ते अशा थाटात सांगत की जणू परवाच त्याच्याकडे जाऊन सूर्यास्तापर्यंत बसून आले. याच मास्तरांना संडासाच्या रांगेत पाच मिनिटं जास्त उभं राहावं लागलं की युगं उलटल्यासारखे दार बडवायचे.

मी त्यांना हसतो आहे, पण माझी तरी काय मजल? फोर्टातल्या कचेरीत बसून आकड्यांपुढे शून्यं काढणं हाच माझा पोटाचा धंदा. एक शून्य वाढलं की साहेबाचा चेहरा बदलतो, एवढाच त्या शून्याचा अर्थ मला उभ्या नोकरीत समजला. माणसाला पंगतीतली पानं कळतात. फार तर लग्नाचं वऱ्हाड कळतं, तेही जेवण कमी पडलं तर. त्यापुढे सगळी नुसती मिजास.

तर एकदा सभेत कोणी वक्ता म्हणाला की आपले हजारो बंधू आज तुरुंगात आहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही हात लाल होईपर्यंत वाजवल्या. घरी आलो तो बायकोला धीर देण्याच्या उत्साहात सांगून बसलो, "अगं, तो एकटा नाही. हजारो आहेत आत."

ती वात वळत होती. राखेत बुडवलेलं बोट थांबलं. "हजारो आहेत म्हणून माझा तेवढा कमी झाला का?" म्हणाली, आणि पुन्हा वळायला लागली.

एक गोष्ट मला खटकायची. वाडीतल्या इतर बायका लाख वातींचा नेम करत तेव्हा शंभर झाल्या की वाटीत एक चिंचोका टाकत. आमच्याकडे ना वाटी, ना चिंचोका. डबा भरला की दुसरा डबा. मोजतेस तरी कशा, असं विचारलं तर म्हणायची, झाल्या की कळेल. हे मी गॅलरीत सांगितलं तेव्हा मास्तर पोट धरून हसले. म्हणाले, बायकांचं लाख असंच असतं, अंदाजपंचे. दहा लाख डोकी मानेआडून मोजणारा मीही त्यांच्याबरोबर हसलो.

मेहुणा पुढे सुखरूप सुटून आला. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठलीही गोष्ट सांगताना शेवट आधी सांगितल्याशिवाय कोणी धड ऐकून घेत नाही. पण मी सांगतो आहे त्या रविवारी मात्र त्याचा काही पत्ता नव्हता.

दर रविवारी बायको लालबागला जाई. भावाच्या खोलीचं कुलूप काढायचं, केर काढायचा, देवापुढे दिवा लावायचा आणि पुन्हा कुलूप घालून यायचं. त्या रविवारी ती गेली आणि मास्तरांना शास्त्राची उबळ आली. शंभर वाती सोनाराच्या काट्यावर तोलायच्या, सगळे डबे वाण्याच्या काट्यावर घालायचे, की त्रैराशिकाने लाख हाती. मला म्हणाले, घरबसल्या वहिनींचा घोळ मिटेल. मलाही वाटलं, आपण जाळलेल्या मुठीची तेवढीच भरपाई. शिवाय पाय लांब करायला खाटेखाली जागा होईल.

दोघांनी मिळून ते डबे दोन जिने उतरवले. वाण्याने विचारलं की शेवया विकायला काढल्यात की काय. त्याच्या काट्यावर उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदा लाख पाहिलं. काहीच वाटलं नाही. डबे होते, कापूस होता. परत जिने चढताना दम लागला, एवढंच मला त्या लाखाचं ज्ञान झालं. मास्तरांनी पुडीच्या कागदावर गुणाकार केला, पुन्हा केला, आणि जाहीर केलं की लाख होऊन बरेच दिवस झाले. आता वर चाललंय ते फुकट.

ती आली तेव्हा आम्ही दोघं वरासारखे वाट बघत बसलो होतो. पदराच्या टोकाला बांधलेली किल्ली ती सोडत होती, तेवढ्यात मी बातमी फोडली. "अगं, तुझं लाख कधीच झालं. चांगलं वर गेलंय. मास्तरांनी गणित करून काढलंय."

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे. दारात कोणी नव्हतं. मास्तर होते, पण मास्तर म्हणजे काही कोणी नव्हे.

लाख झालं होतं आणि तो आला नव्हता. हे साधं गणित चारशे बत्तीस कोटींत लोळणाऱ्या मास्तरांच्या आणि शून्यं मोजून पोट भरणाऱ्या माझ्या डोक्यात तोवर शिरलंच नव्हतं. हातातला तो पुडीचा कागद कुठे ठेवावा ते मला कळेना. मास्तर उगाच म्हणाले की त्रैराशिकात थोडंफार इकडेतिकडे होऊ शकतं. उभ्या हयातीत त्यांच्या तोंडून असं पहिल्यांदाच ऐकलं.

किल्ली तिने देवापाशी नेहमीच्या खिळ्याला लावली. हातपाय धुतले. डबा पुढे ओढला, कापसाचा पेळू घेतला, राखेत बोट बुडवलं आणि एक वात वळून झाल्यावर, माझ्याकडे न बघता, विचारलं,

"आणि तुम्ही चहाला जाळल्यात, त्यांची भरपाई धरलीत का?"

मी म्हणालो, त्या मूठभर तर होत्या.

"मूठभर म्हणजे किती?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही ना सांगता येत?" ती म्हणाली. "मग लाख अजून व्हायचंय. सरका जरा, उजेडात बसलाय तुम्ही."