संचारबंदीत अडकलेली पाहुणी

माझं पहिलं बाळंतपण लालबागच्या चाळीत झालं. त्या दिवशी मी देवीला शिव्या घातल्या, हे लपवण्यात अर्थ नाही. तेलंगणातल्या विणकराच्या घरातून लग्न होऊन आले तेव्हा मला मराठी येत नव्हती. सोबत होती फक्त यल्लम्मेची तसबीर. वर्षभर तिच्यापुढे दिवा लावला आणि नेमक्या वेळी तिने पाठ फिरवली, असंच मला वाटलं.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. गोळीबार झाला, संचारबंदी लागली, नवरा गिरणीत अडकला. आणि दिवस भरायला तीन आठवडे असताना सकाळीच मला कळा सुरू झाल्या. ठरलेली सुईण राहायची माटुंग्याला. ती येणार कशी?

समोरच्या मालवणी आजी माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. त्यांचं बोलणं मला कळत नव्हतं, हात कळत होते. दुपारपर्यंत त्यांचाही धीर सुटत चालला. तेवढ्यात दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. सोनुबाई. वरळीहून तळमजल्यावरच्या बहिणीकडे आलेली, संचारबंदीमुळे अडकून पडलेली. एका प्रसूतिगृहात ती आया होती.

"मी बघू का?" तिने विचारलं.

एक शेजारीण आडवी आली. "तळमजल्यावरची माणसं कोण, ठाऊक आहे ना? हिला पाण्यापाशी कसं जाऊ द्यायचं?"

इकडे माझा जीव चालला होता आणि तिथे त्या बाईची जात निघाली होती. शब्द तेव्हा कळले नाहीत, त्या दिवसाचं सगळं बोलणं आजींनी मागाहून समजावलं, पण अडवणारा हात मी पाहिला. तो हात मी अजून विसरलेले नाही.

आजी कडाडल्या, "आदी पोर येवंदे. मगे काय तां बोला."

मुलगी झाली. निळी, मुकी. सोनुबाईने तिच्या तोंडातली घाण काढली, पाठ चोळली, फुंकर घातली. खूप वेळाने पोर रडली. "देवी पावली गो," शेजारीण म्हणाली, आणि त्याच दमात सोनुबाईचा हात लागलेला पाण्याचा हंडा घासून काढायला निघाली. मी मोडक्या मराठीत ओरडले, "हंडा नाही घासायचा. हिला चहा दे."

मी पायाशी वाकू लागले तर सोनुबाईने मला धरलं. "मी देव मानत नाही, बाई. शिकले म्हणून जमलं. तुझ्या भाषेच्या बायका आमच्याकडे येतात, काय दुखतं ते सांगता येत नाही म्हणून रडतात. मराठी शीक आणि त्यांच्यासाठी ये."

संचारबंदी उठेपर्यंत मला घराघरातून पेज आली. त्या शेजारणीकडूनही. पेज मी खाल्ली, राग गिळला नाही.

आजींनी मला मराठी शिकवली. मग कितीतरी वर्षं मी आठवड्यातून दोनदा त्या प्रसूतिगृहात जात राहिले. घाबरलेल्या तेलुगू पोरींचं दुखणं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांचं त्यांना. या शहराने मला जगवलं, त्यातलं एवढंच मला परत देता आलं.

देवी आलीच होती, असं मी मानते. सोनुबाईला ते पटायचं नाही, आणि तिच्याशी मी वाद घालणार नाही. पण शरण जायचं तर देवी कोणाच्या हातांनी येईल, हे आपण ठरवायचं नसतं. तिला उंबऱ्यावर उभं करून जात विचारणारी माणसं तिच्याचपुढे हात जोडतात, तेव्हा आजही माझ्या अंगाची आग होते. ही आग तेवढी विझवू नकोस, एवढंच मी तिला सांगते.