रविवारचा चोर

आमचे हे चावून घेतात. पगार घेऊन. लग्न जमवणाऱ्या बाईंनी "मुलगा सुरक्षेच्या क्षेत्रात आहे" असं सांगितलं होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर गणवेश, बूट, छातीवर बिल्ला असं काय काय येऊन गेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी हे दंडावर दातांच्या खुणा घेऊन घरी आले, तेव्हा कळलं की क्षेत्र खरं आहे, फक्त हे त्याच्या चुकीच्या बाजूला उभे असतात.

नीट सांगते. आमच्या वस्तीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर बंगल्यांची एक कॉलनी आहे. तिथे फाटक दिसलं की मागे कुत्रं असणारच, आणि तेही साधंसुधं नाही. रॉटवायलर, पिटबुल, डोबरमन. एका बंगल्यात तर मॅस्टिफ आहे. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ह्यांना विचारलं होतं, या लोकांनी वासरू कशाला बांधलंय. मध्ये सरकारी हुकूम निघाला की अमुक जातींची कुत्री धोकादायक आहेत, त्यांना परवाना लागेल, बाहेर नेताना तोंडाला जाळी लागेल. झालं. आठवडाभरात कॉलनीतली झाडून सगळी कुत्री कागदावर लॅब्राडोर झाली. कुठल्याही मालकाला विचारा, "आमचा फार प्रेमळ आहे हो, अगदी बाळ आहे." आणि त्या बाळाला माणूस कसा धरायचा हे शिकवायला दर रविवारी मास्तर.

मास्तर म्हणजे कुत्र्यांना तालीम देणारा माणूस. गळ्यात शिट्टी, कमरेला पट्टे. आता कुत्र्याला चोर धरायला शिकवायचं तर समोर चोर नको का? तो चोर म्हणजे आमचे हे. हाताला जाड पॅडची बाही चढवायची, लपतछपत फाटकातून आत शिरायचं. मास्तर "धर" म्हणाले की कुत्रं येऊन बाहीला लटकणार, "सोड" म्हणाले की सोडणार. असं सकाळभर, बंगल्यामागून बंगले.

मूळचे हे नट. म्हणजे ह्यांच्या मते. रंगमंचावर ह्यांनी शिपाई केला, गर्दी केली, एकदा अख्खा अंक प्रेत केलं आणि त्यातही शिंकले. एवढ्या वर्षांत ह्यांच्या नावावर एक टाळी पडली नाही, ते शल्य काही जात नव्हतं. त्यामुळे कुत्र्याने धरणं हीसुद्धा ह्यांच्या लेखी भूमिकाच. रविवारी सकाळी आरशासमोर चेहरा तयार करून जायचे. मी म्हणायचे, अहो, कुत्रं तुमच्या चेहऱ्याला थोडंच चावणार आहे.

पण चोर काही जमेना. कॉलनीचा अध्यक्ष एक बिल्डर आहे. त्याच्या रॉटवायलरचं नाव जनरल. बिल्डरने तक्रार केली की पॅड वरून दिसतो, कुत्र्याला कळतं हा खेळ आहे. पॅड आत घाला, वरून चोराचे कपडे घाला. ह्यांनी विचारलं, "चोराचे कपडे म्हणजे कसले?" तर तो म्हणाला, "अरे, चोरासारखे. मळके, ढगळे. तुला काय सांगायचं?" हे आपले घरातला जुना शर्ट घालून गेले. बिल्डरची बायको गॅलरीतून म्हणाली, "हा तर बँकेतला कारकून वाटतो." ते शब्द ह्यांना कुत्र्यापेक्षा जास्त लागले. दोन घास कमी जेवले त्या दिवशी.

आणि मग एका रविवारी हे उड्या मारत घरी आले. "आज टाळ्या पडल्या."

"कशाला?"

"भूमिका सापडली."

मी भाजी चिरत होते. ह्यांना अधूनमधून काही ना काही सापडतच असतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. पण त्यानंतर ह्यांचा थाट वाढला. बिल्डरकडे म्हणे गॅलरीत खुर्च्या मांडायला लागले. पाहुणे येतात, कॉफी होते, ह्यांची एन्ट्री झाली की सगळे पुढे वाकून बघतात. मी एकदा बघायला येते म्हटलं, तर ह्यांनी उडवून लावलं. म्हणाले, घरच्या माणसांसमोर मला काम करता येत नाही.

आता बाबांचं सांगते, म्हणजे माझ्या वडिलांचं. बाबा भंगार घेतात. रद्दी, बाटल्या, पत्रे, बिघडलेले पंखे. खांद्यावर पोतं, डोक्यावर लोकरीची टोपी, ती भर उन्हातसुद्धा. एकदा मोडीत काढलेलं लोखंडी फाटक उचलताना डाव्या पायावर पडलं, तेव्हापासून लंगडतात. आरोळी ठोकत नाहीत. दुपारची माणसं झोपलेली असतात, कशाला उठवायचं, म्हणून फाटकाशी उभं राहून दोनदा खोकतात. ज्याला काही द्यायचं असेल तो बाहेर येतो. आई गेल्यावर मी किती वेळा म्हटलं, आता आमच्याकडे राहायला या. त्यांचं एकच, "हातपाय चालतायत तोवर फेरी. जावयाच्या दारात बसून मला खायचं नाही." ती फेरी म्हणजे बाबांचा सगळा मान होता. ती बंद पडली तर हा माणूस माझ्या घरात कोपरा धरून बसेल आणि तिथेच संपेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आठवड्यातून एकदा मात्र बाबा जेवायला यायचे. एकदा जेवताना म्हणाले, "कॉलनीतल्या कुत्र्यांना काय झालंय कळत नाही. तो जनरल माझ्या हातची बिस्किटं खाऊन मोठा झाला. हल्ली मी नुसता खोकलो तरी फाटकावर उड्या घेतो. एक नाही, सगळीच तशी करायला लागलीत."

ह्यांचा घास हातातच राहिला. "मामा, तुम्ही ती कॉलनी सोडून द्या." सासऱ्यांना हे मामाच म्हणतात.

"का बरं?"

"कुत्री वाईट आहेत तिथली."

"कुत्री तीच आहेत, जावईबापू," बाबा म्हणाले. "मीपण तोच आहे."

मग ह्यांनी बाबांना तिथल्या तिथे शिकवणी दिली. कुत्रं अंगावर आलंच तर पळायचं नाही, पळालात की ते मागे लागतं. ओरडायचं नाही. डोळ्याला डोळा द्यायचा नाही. हातात पोतं असेल तर ते पुढे करायचं. आणि धरलंच, तर हात ओढायचा नाही, ओढला की मांस फाटतं. स्थिर उभं राहायचं, हनुवटी छातीशी, गळा झाकायचा. बाबा मान हलवत ऐकत होते. मला वाटलं, बघा, जावई असावा तर असा, सासऱ्याची किती काळजी. मी ह्यांना आग्रह करकरून वाढलं. आता ते आठवलं की ताट परत घ्यावंसं वाटतं.

बाबा रविवारी कधी फेरीला जात नाहीत. पण बिल्डरच्या बायकोने निरोप धाडला होता, माळा साफ केलाय, रद्दीचा ढीग पडलाय, रविवारीच येऊन घेऊन जा, घरात पाहुणे येणार आहेत. पुढचं मी त्यांच्या स्वयंपाकीणबाईंकडून ऐकलं, कारण बाकीचे सगळे आपापल्या सोयीचं सांगत होते.

गॅलरी भरलेली होती. मास्तर मागच्या अंगणात डोबरमनला बांधत होते. जनरल मोकळा होता, फाटक तालमीसाठी उघडं होतं. बाबा लंगडत आले, फाटकाशी थांबले आणि दोनदा खोकले.

"धर" कुणी म्हणालं नाही. म्हणायची गरजच उरली नव्हती. जनरलने सरळ उजवा हात धरला.

बाबा पळाले नाहीत. ओरडले नाहीत. हात ओढला नाही. जावयाने शिकवलं होतं तसंच, शब्दनशब्द. हनुवटी छातीशी घेऊन उभे राहिले आणि डाव्या हाताने पोतं कुत्र्याच्या तोंडाशी नेत राहिले. आणि गॅलरीतून टाळ्या पडल्या. "वा, आज रंगलाय गडी," एक पाहुणा म्हणाला. दुसरा फोनवर चित्रण करत होता. बाही लाल व्हायला लागली तेव्हा बिल्डरची बायको म्हणाली, "अगंबाई, आज तर रंगसुद्धा आणलाय."

तेवढ्यात पॅडची पिशवी लावलेली सायकल घेऊन आमचे हे फाटकात आले. टाळ्या एकेक करत थांबल्या. हा चोर इथे, मग तो कोण, एवढा हिशेब लागायला त्या शिकल्यासवरल्या माणसांना जरा वेळ गेला. हे मात्र सायकल टाकून "सोड" म्हणून ओरडले. जनरलने सोडलं. आज्ञाधारक आहेच तो.

स्वयंपाकीणबाईंनी बाबांना नळाखाली बसवून साबणाने जखम धुतली, चांगली खूप वेळ. डॉक्टर नंतर म्हणाले, त्या घरात तेवढं एक काम शहाण्यासारखं झालं. बिल्डरने गाडी काढली. पण आधी सीटवर वर्तमानपत्रं पसरली, डाग पडू नयेत म्हणून. बाबा जी रद्दी न्यायला आले होते, तीच.

मी दवाखान्यात धावत पोचले तेव्हा टाके घालून झाले होते. डॉक्टर विचारत होते, "कुठल्या जातीचं कुत्रं?"

"लॅब्राडोर," बिल्डर म्हणाला. सवय.

बाबांनी उशीवरून मान वळवली. "तोंडाकडून तसा वाटत नव्हता," एवढंच म्हणाले.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, इंजेक्शनं सगळी पुरी करा, एकही चुकवू नका. हाताच्या शिरा दुखावल्यात, बोटांची पकड परत यायला वेळ लागेल, आली तर. म्हणजे पोतं बंद, तराजू बंद, फेरी बंद. मी बाहेर आले आणि बिल्डरला धरलं. म्हटलं, "एवढी माणसं वर बसला होतात, एकाचाही पाय हलला नाही?"

"ताई, गैरसमज करून घेऊ नका," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, तुमचे मिस्टरच आहेत. तीच टोपी, तेच पोतं, तीच लंगडी चाल. खोकलासुद्धा तोच. इतकं हुबेहूब करतात ना ते, आम्हाला कसं कळणार?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचत होते. एक पाटी वाचायला माणसाला किती वेळ लागतो? माझ्या डोक्यात तेव्हा शिरलं की ह्यांना कुठली भूमिका सापडली होती, आणि घरच्या माणसांसमोर काम करायला ह्यांना लाज का वाटत होती. चोर कसा दिसतो हे त्या लोकांनी ह्यांना सांगितलं, आणि हे शोधायला गेले ते थेट माझ्या बापाच्या दारात. आणि महिनोन् महिने कॉलनीतल्या एकूण एक कुत्र्याला दाखवत राहिले, बघा रे, असा असतो चोर.

बिल्डरचं चालूच होतं. "कुत्र्याने त्याचं काम केलं हो, त्याला काय दोष द्यायचा? यापुढे तुमच्या वडिलांना पिवळं जाकीट देऊ आपण. ते घालून आले की कुत्र्यांनाही सवय होईल."

"जाकीट जनरलला घाला," मी म्हटलं. "पाठीवर लिहा, लॅब्राडोर."

बाबांना आमच्याकडेच आणलं. नाही म्हणायची ताकदच नव्हती त्यांच्यात. खिडकीजवळ खाट टाकली, हात गळ्यात बांधलेला. हे दिवसभर घरात असून दिसत नव्हते. स्वयंपाकघरातून मोरीत, मोरीतून स्वयंपाकघरात. एवढी भांडी ह्यांनी जन्मात घासली नसतील. मी बोलत नव्हते. बोलले असते तर शेजारी जमा झाले असते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी बाबांनी हाक मारली. "जावईबापू, जरा इकडे या."

हे ओले हात पुसत आले.

"काय करता ते करून दाखवा मला."

"मामा, नको."

"एवढ्या लोकांनी बघितलं. मीच तेवढा राहिलोय."

माझ्याकडून सुटका होते का, म्हणून ह्यांनी एकदा पाहिलं. मी कोपऱ्यातलं पोतं उचललं, तेच, दातांनी फाटलेलं, आणि ह्यांच्या हातात दिलं. खुंटीवरची टोपीपण दिली.

ह्यांनी टोपी घातली, पोतं खांद्यावर घेतलं, दारापर्यंत गेले आणि वळले. आणि खरं सांगते, दारातून बाबाच येत होते. तोच खांदा, तीच मान. फक्त वाकून, इकडेतिकडे चोरटं बघत, भिंतीला अंग घासत. खाटेपाशी येऊन हे दोनदा खोकले आणि तसेच उभे राहिले.

बाबांनी ह्यांना टोपीपासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पाय चुकला," ते म्हणाले. "माझा डावा आहे. आणि मी फाटकाशी वाकत नाही, ताठ उभा राहतो. बाकी जमलंय." मग गळ्यातल्या हाताकडे बघून म्हणाले, "टाळ्या वाजवल्या असत्या, पण सध्या एकच हात आहे."

हे पोत्यासकट तिथेच खाली बसले. मी आत गेले आणि चहा टाकला, बाबांचा आणि माझा.