डिरेक्टरीच्या मुलीची दुरुस्ती

हॉस्पिटलात त्यांना सगळे ‘डिरेक्टरी’ म्हणायचे. सव्वीस वर्षं ते तळमजल्यावरच्या टेलिफोनच्या खोलीत बसले आणि तेवढ्या काळात सहाशेच्या वर नंबर त्यांच्या डोक्यात जाऊन बसले. कोणी फोनवर नुसतं “ते हाडांचे डॉक्टर...” म्हटलं की वाक्य पुरं व्हायच्या आत लाइन जोडलेली असायची. त्यांना जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्या खोलीत या गोष्टीचा लोकांना विसरच पडायचा.

त्यांची एकुलती एक मुलगी भिंगरी. खरं नाव वेगळं होतं. लहानपणी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बाबांनी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आई त्याच हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत चादरी आणि उशांचे अभ्रे मोजून द्यायची. तिघांचं घर दोन खोल्यांचं. भिंगरी कॉम्प्युटरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा हॉस्पिटल नव्या इमारतीत गेलं आणि एका सोमवारी सकाळी सगळ्या विभागांचे नंबर एकदम बदलले.

बाबा घाबरले नाहीत. “पाठ करायला महिना लागेल,” म्हणाले. तोवर नवी यादी कॉम्प्युटरवर होती, आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम होता. तो फुकट मिळायचा. जगभरातली माणसं आपापल्या सवडीने त्यात भर घालायची, चुका सुधारायची. बाबा कानाला हेडफोन लावायचे आणि तो सांगेल तो नंबर जोडायचे.

पण यादीत एक खोच होती. ज्या विभागाला दोन फोन होते, तिथे तक्त्यातले दोन रकाने जोडून एक केलेले होते. प्रोग्राम तिथे आला की त्याचा हिशेब चुकायचा, आणि तिथून पुढे नाव एका ओळीतलं आणि नंबर खालच्या ओळीतला, असं वाचत सुटायचा. तिसऱ्याच दिवशी एका माणसाने बाळंतिणीच्या वॉर्डात आपल्या बायकोची चौकशी करायला फोन केला, आणि बाबांनी तो शवागारात जोडला. तिकडच्या कर्मचाऱ्याने सवयीने विचारलं, “नातेवाईक का? कधी नेताय?”

त्या माणसाला घेरी आली म्हणे. बायको ठणठणीत होती, मुलगाही झाला होता, पण तक्रार व्हायची ती झालीच. अशा आणखी चार चुका निघाल्या. साहेबांनी बाबांना बोलावून चांगल्या शब्दांत सांगितलं की आता तुम्ही विश्रांती घ्या, आणि जुन्या कागदपत्रांच्या खोलीत त्यांना एक खुर्ची दिली. काम काही दिलं नाही.

बाबा रोज वेळेवर जायचे, वेळेवर यायचे. घरी आले की हातपाय धुऊन खिडकीशी बसायचे. आई म्हणायची, “अहो, काहीतरी बोला.” ते म्हणायचे, “काय बोलू? दिवसभरात कोणी काही विचारलंच नाही.”

भिंगरीचं डोकं फिरलं. तिने त्या प्रोग्रामची वेबसाइट शोधून काढली आणि चुका कळवण्यासाठीच्या पानावर तावातावाने लिहिलं: तुमचा प्रोग्राम अगदी टाकाऊ आहे. त्याच्यामुळे माझ्या वडिलांची खुर्ची गेली.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे माणसाच्या फोटोऐवजी चहाच्या किटलीचं चित्र होतं. लिहिलं होतं: तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटलं. कोणती आवृत्ती वापरता? नेमकं काय केल्यावर असं होतं? काय व्हायला हवं होतं, आणि काय झालं?

भिंगरीला यातलं एकही सांगता येईना. तिने बाबांना विचारलं. बाबा खुर्चीत सरसावून बसले आणि त्यांनी घडाघडा सगळं सांगितलं: कितव्या ओळीवर गडबड सुरू होते, कुठली कळ दाबल्यावर होते, कुठली दाबल्यावर होत नाही. त्यांनी ते सगळं हेरून ठेवलं होतं. कोणी विचारलंच नव्हतं.

तिने ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. किटलीवाल्यांचं उत्तर आलं: इतकी स्वच्छ माहिती फार क्वचित मिळते. हे तुम्हीच दुरुस्त करून बघाल का? मी मदत करीन.

“तुला येतं ना?” बाबांनी विचारलं.

“कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत हो बाबा.”

“मग तिथे जातेस कशाला?”

तिने मनावर घेतलं. तो प्रोग्राम घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर नुसता चालू करायलाच अकरा दिवस गेले. कुठे काय लिहिलंय याचा पत्ता लागेना. जणू हजारो पानांचं पुस्तक, अनेक हातांनी लिहिलेलं, आणि अनुक्रमणिका नाही. किटलीवाल्यांनी सुचवलं, आधी काहीतरी लहान करा. माहितीपत्रकात एका शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं, ते तिने सुधारून पाठवलं. कोडची आपली प्रत कशी काढायची, बदल कसा नोंदवायचा, तो का केला हे दोन ओळींत कसं लिहायचं, हे सगळं त्या एका अक्षरापायी शिकावं लागलं. बदल स्वीकारल्याचं कळलं तेव्हा ती स्वयंपाकघरात नाचतच गेली.

“एक अक्षर?” बाबा म्हणाले. “चार दिवस कॉलेज बुडवून एक अक्षर?” पण हसले. खुर्ची गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग तिने तक्त्याला हात घातला. महिनाभर खपून दुरुस्ती पाठवली. जाता जाता आजूबाजूचं तिला वेडंवाकडं वाटलेलं कोडही नीटनेटकं केलं होतं. वाटलं, खूश होतील. किटलीवाल्यांनी ते सगळं परत पाठवलं: यात चार वेगवेगळे बदल आहेत. कृपया एका वेळी एकच गोष्ट बदला.

तिला रडू फुटलं. “एवढं केलं, त्याचं काहीच नाही. वर पुन्हा शिकवतायत मला.”

बाबांनी तिला तो निरोप दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, “बरोबर आहे त्यांचं. फोनवरचा माणूस नऊ नंबरचा वॉर्ड मागतो. त्याला नऊ नंबर द्यायचा. दहा नंबरला नवे पडदे लावलेत, हे त्याला कशाला?”

तेव्हापासून रविवारची सकाळ ठरून गेली. आई बाजारात गेली की दोघं कॉम्प्युटरपुढे बसायची. भिंगरी कोड बदलायची, बाबा ऐकायचे. प्रोग्राम ते इतक्या वेगाने लावायचे की तिला नुसती चकलीच्या सोऱ्यातून पीठ पडावं तशी अक्षरांची धार ऐकू यायची.

“यात कळतं काय तुम्हाला?”

“डोळे मीट. आता ऐक. शब्द ऐकू नकोस, कुठे अडखळतं ते ऐक.”

ती डोळे मिटायची. काही रविवारांनी तिलाही ते अडखळणं ऐकू येऊ लागलं.

अशाच एका सकाळी बाबा सहज म्हणाले, “कान फार लबाड असतात गं. नको ते पण ऐकतात. तू सातवीत असताना बस स्टॉपवरून मी येत होतो. तू समोरून आलीस. मैत्रिणी होत्या दोघी-तिघी.”

भिंगरीचे हात कळांवरच थांबले. तो दिवस तिला चांगला आठवत होता. पांढरी काठी टेकत येणारे बाबा लांबूनच दिसले होते, आणि ती बोलता बोलता गप्प झाली होती. श्वास धरून त्यांच्या अगदी बाजूने निघून गेली होती. त्यांना काय कळणार, असं वाटलं होतं.

“तुम्हाला कसं कळलं?”

“तुझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता. आईने पिन लावून दिली होती. टिक टिक वाजत होती ती.”

“मग हाक का नाही मारलीत?”

“मैत्रिणी होत्या ना तुझ्या,” बाबा म्हणाले. “चल, पुढची ओळ लाव.”

तिला माफी मागायची होती. तिने पुढची ओळ लावली.

दुरुस्ती हळूहळू आकाराला आली. किटलीवाल्यांनी पाच वेळा परत पाठवली, आणि दर वेळी तिला त्यांचं म्हणणं पटलं. शेवटी त्यांनी लिहिलं: आता जवळजवळ झालं. फक्त आपोआप चालणारी एक तपासणी लिहून जोडा, म्हणजे पुढे कोणी चुकून हे मोडलं तर लगेच कळेल. काम दोन-तीन दिवसांचं होतं.

तेवढ्यात परीक्षा आल्या. परीक्षा संपतात न संपतात तोच दुसऱ्या शहरातल्या एका कंपनीत सहा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं. मुलाखतीत तिने याच कामाबद्दल भरभरून सांगितलं होतं आणि समोरच्यांनी माना डोलावल्या होत्या. बाबांनी निघताना विचारलं, “ती तपासणी राहिली ना?” ती म्हणाली, “तिथे गेल्यावर करते.”

तिथे गेल्यावर नवी माणसं, नवं काम. बाबांनी फोनवर दोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. एकदाच पुन्हा विषय काढला. टेलिफोनच्या खोलीत एक नवी मुलगी आली होती. तिलाही दिसत नव्हतं, आणि तीही त्याच तक्त्यावर चुकत होती.

“काल रडत होती बिचारी,” बाबा म्हणाले. “माझं काय, माझी दोन वर्षं उरलीत. तिची सगळी नोकरी पुढे आहे. तिच्यासाठी तरी उरकून टाक.”

“पुढच्या आठवड्यात नक्की, बाबा.”

“बरं. जेवलीस का?”

पुढच्या आठवड्यात मंगळवारी दुपारी बाबा कागदपत्रांच्या खोलीत खुर्चीत बसल्या बसल्या गेले. तिथल्या कारकुनाला वाटलं, डुलकी लागलीय. चहाचा कप पुढे ठेवून तो आपल्या कामाला लागला. चहावर साय धरली तेव्हा त्याने खांद्याला हात लावला. दोनच मजले वर हृदयाचे डॉक्टर होते. आई हातातल्या चादरी तशाच टाकून जिने चढत आली.

भिंगरी पोचली तेव्हा सगळं आवरलं होतं. वाट बघून बघून शेवटी उरकलं, असं शेजारच्या मावशींनी हळूच सांगितलं.

प्रशिक्षणाला ती परत गेली नाही. कॉम्प्युटरवर आईने चादर टाकून ठेवली होती, ती तिने काढली नाही. रविवारी सकाळी आई बाजारात जायची आणि भिंगरी दुसऱ्या खोलीत जाऊन बसायची. दोन महिन्यांनी मोबाइलवर किटलीवाल्यांचा निरोप आला: या दुरुस्तीवर बरेच दिवस काही हालचाल नाही. अजून करायची इच्छा आहे का? नसेल तर बंद करतो.

तिने लिहिलं: जे ऐकून तपासायचे, ते माझे वडील वारले.

बऱ्याच वेळाने उत्तर आलं: मला फार वाईट वाटतंय. त्यांनी सांगितलेली माहिती मी नव्या लोकांना नमुना म्हणून दाखवतो. उरलेली तपासणी मी लिहून टाकू का?

ती उठली, कॉम्प्युटरवरची चादर काढून घडी घातली, आणि लिहिलं: नको. मी करते.

तपासणी दोन दिवसांत लिहून झाली. ती इतकी सोपी निघाली, हेच तिला सोसवेना. पण ऐकायला कोणी नव्हतं. बाबांचा वेग तसाच लावलेला होता. तिने ऐकायचा प्रयत्न केला, आणि तिसऱ्या ओळीनंतर हेडफोन काढून ठेवला.

मग ती हॉस्पिटलात गेली. टेलिफोनच्या खोलीतली मुलगी तिच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने मोठी होती. भिंगरीने आपण कोण ते सांगितलं तेव्हा ती उभीच राहिली.

“डिरेक्टरीकाकांची मुलगी? ते रोज दुपारी यायचे इथे. माझ्याकडून नवे नंबर पाठ करून घ्यायचे. साठ झाले होते.”

हे घरी कोणालाच माहीत नव्हतं. भिंगरी स्टुलावर बसली. जेवणाच्या सुट्टीत भिंगरीने पेनड्राइव्हवर आणलेला दुरुस्त प्रोग्राम तेवढ्यापुरता चालवला; त्या मुलीने पूर्ण यादी दोनदा ऐकली आणि म्हणाली, “बाकी बरोबर आहे. शेवटची ओळ मात्र दोनदा बोलतोय.”

तेवढं सुधारून भिंगरीने दुरुस्ती पाठवली. चौथ्या दिवशी ती स्वीकारली गेली. किटलीवाल्यांनी विचारलं, नव्या आवृत्तीच्या आभारात तपासणारे म्हणून कोणाची नावं घालू? तिने दोन नावं कळवली.

नवी आवृत्ती आली, पण हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर ती चढायला आणखी पाच महिने लागले. कोणाची तरी सही हवी होती, आणि सही करणारे रजेवर होते. तोवर त्या मुलीला दोन लेखी ताकिदी मिळाल्या. तिसरी मिळाली नाही, एवढंच.

आभाराची यादी आईला दाखवायची, हे भिंगरी बरेच दिवस टाळत होती. एका संध्याकाळी आईनेच विचारलं, “तुम्ही दोघं रविवारी करायचात ते झालं का पुरं?”

“झालं. बाबांचं नाव आलंय त्यात.”

“ऐकव ना. त्यांच्यासारखं, त्या मशीनच्या आवाजात.”

भिंगरीने वेग अगदी कमी केला आणि ती ओळ लावली. प्रोग्रामने बाबांचं नाव भलत्याच ठिकाणी तोडून, भलताच जोर देऊन वाचलं. आईला हसू आलं. पदर तोंडाला लावून ती हसत राहिली, आणि मग ते हसू राहिलं नाही.

जरा वेळाने तिने डोळे पुसले. “पुन्हा लाव,” म्हणाली.

भिंगरीने पुन्हा लावलं.