डावा पंख चढा

विमान एकच, पण किस्से विचाराल तर ट्रॉलीभर! तीर्थपुरीत सुदामची उसाच्या ट्रॉल्या बनवायची शेड आहे. हवाई दलातून रिटायर झालेल्या भीमरावांनी तिथंच दोन सीटचं विमान बांधायला घेतलं. मी रिटायर मास्तर, नट धरायला. विमान हलकं आणि बाता जड, अशी आमची गत!

*

पंख जोडले त्या दिवशी घनसावंगीचे एक आजोबा ट्रॉली बघायला आले. विमानाभोवती चक्कर मारून म्हणाले, “किती टन भरतं?”

“दोन माणसं.”

“मंग एवढं मोठं कशाला केलं?”

*

भीमराव विमान ‘स्टॉल’ होणं म्हणजे काय ते समजावत होते. “नाक लई वर केलं की वेग पडतो, पंखावरची हवा सुटते अन् विमान खाली बसतं. दोन्ही पंख बराबर असले तर सरळ बसतं, न्हाई तर एक आधी पडतो.”

सुदाम म्हणाला, “म्हंजे लोड जास्त झाल्यावर ट्रॅक्टर पुढून उचलतंय तसंच!”

“तसंच. फक्त ट्रॅक्टरवरून उडी मारता येते.”

*

हवा कुठं सुटते ते दिसावं म्हणून भीमरावांनी पंखावर लोकरीचे तुकडे चिकटवले. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, शेडमध्ये आल्या आणि पंखाकडे बघतच राहिल्या.

“ही तर नातवाच्या स्वेटरची बाही हाय!”

*

उडवायची परवानगी आली. भीमराव एकटेच वर गेले आणि उंचावर स्टॉल तपासायला त्यांनी नाक उचललं. डावा पंख धाडकन खाली! भीमरावांनी नाक खाली घातलं, वेग घेतला आणि कसंबसं सावरून उतरले.

मोजलं, तर डाव्या पंखाची पुढची कड अर्धा इंच वर; म्हणून त्याचीच हवा आधी सुटली.

“मीच ठेवली,” सुदाम म्हणाला. “हर ट्रॉलीची डावी बाजू मी चढीच ठेवतो. रस्त्याची कड खचलेली राह्यते ना!”

“अरे, वर कुठला रस्ता?”

*

सुदामनं पंख पुन्हा बसवला, पण वहिनींनी विमानाची चावी पदराला बांधली. भीमरावांना जेवण गोड लागेना. मला त्यांचं वाईट वाटायचं आणि वहिनींचंही पटायचं.

शेवटी सुदाम छाती ठोकत वहिनींकडे गेला. “बिनघोर राहा, वहिनी. आता बिलकुल बराबर हाय. सुताचा फरक न्हाई!”

वहिनींनी पदराची गाठ सोडली. “घ्या. पण शेजारच्या सीटवर तुम्ही बसायचं, सुदामभाऊ.”

सुदामनं पुढं केलेला हात मागं घेतला.

“मंग दोन दिवस थांबा. एकदा मोजून घेतो.”