नव्वद नंबरचा जेट

देवाची भांडी चिंचेने अर्धी घासून झाली होती, तेवढ्यात नवरा, रणजित, मोटरसायकल ढकलत अंगणात आला आणि उल्काचं टाळकंच सटकलं. नवा कार्बोरेटर बसवल्यापासून ही तिसरी वेळ. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर वेग घेतला की गाडी बंद पडायची, आणि मागे ट्रकांची रांग.

"पेट्रोलमधी कचरा असन," तो म्हणाला.

"कचरा नाही, तुमचा हट्ट हाय!"

अकोल्याला वडिलांच्या गॅरेजात वाढलेली उल्का. तिने ओल्या हातांनीच प्लग काढला. टोक चुन्यासारखं पांढरं. म्हणजे इंजिनाला पेट्रोल पुरत नव्हतं. जुन्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा पितळी जेट अठ्ठ्याण्णव नंबरचा होता. ॲव्हरेज वाढावा म्हणून नवऱ्याने मिस्त्रीच्या मागे लागून नव्यात बारीक भोकाचा, नव्वदचा घालून घेतला होता.

"पण ॲव्हरेज चांगला येऊन राहिला ना."

"ढकलत आणलेल्या गाडीचा चांगलाच येते! मी इथं देवापुढं हात जोडून बसाचं, अन् तुम्ही थेंबभर पेट्रोलासाठी ट्रकाखाली जाचं काय? काहून?"

जुन्या जेटचं भोक झिजून मोठं झालं होतं, तो पुन्हा बसवण्यासारखा नव्हता. तो नुसता नमुन्याला मुठीत घेऊन उल्का पुरानी बस्तीतल्या मिस्त्रीकडे अठ्ठ्याण्णवचा जेट आणायला निघाली.